सातवा ग्लास

कंपनी पाइप बनवते. महापेला तिचं काचेचं ऑफिस.
मी तिच्या चांगुलपणाचे मथळे लिहिते:
महिन्याला बारा पोस्ट, चार रील,
सणावारांच्या शुभेच्छा वेगळ्या.

त्या गुरुवारी चांगुलपणा दिघ्याला होता,
इलठणपाड्याच्या चढावर, पालिकेच्या शाळेत.
पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्याला निळी रिबन,
नळ बोटभर, लोगो हातभर.

‘तहानलेली वाटेल अशी एखादी मुलगी द्या,’
असं मीच म्हणाले. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.
बाईंनी सहावी ब मधून दीक्षा साळवेला पाठवलं.
दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक,
बहुतेक कालच सांगून ठेवलं असणार घरी.

पहिला ग्लास ती फारच भरभर प्यायली.
मग ऊन लोगोवर आलं,
मग शिपाईमामा फ्रेममधून बादली घेऊन गेले,
मग ती हसली नाही,
मग हसली, तर हनुवटीवरून पाणी ओघळलं
आणि मुर्तझा कॅमेऱ्यामागून म्हणाला, क्या बात है,
पण रिबन कटली होती.
सहावा हाताशी असावा म्हणून.
सातवा साहेबांसाठी. ते उशिरा आले, आणि त्यांना
ग्लास स्वतःच्या हाताने द्यायचा होता.

टाळ्या ओसरल्यावर तिने माझी ओढणी ओढली.
‘ताई, जायचंय.’
‘घरी?’
मान नाही म्हणाली. करंगळी वर झाली.

मुलींच्या संडासाला कुलूप.
शिपाईमामा म्हणाले, वरच्या टाकीत पाणी चढतच नाही,
मोटर जळून दिवाळी झाली दोनदा.
पोरं जातात भिंतीमागं.
पोरी थांबतात सुटेपर्यंत, सवय असते त्यांना.
‘मग या यंत्रात पाणी कुठून आलं?’
‘सकाळी टँकर आला की. तुमच्याच सायबांनी धाडला.’

कंपनीच्या गाडीत पांढरी कव्हरं.
ती सीटच्या अगदी कडेला बसली, मुठी आवळून,
आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा प्रत्येक स्पीडब्रेकर
मला माझ्या पोटात मोजता आला.

पेट्रोल पंपावरच्या दाराला कडी नव्हती.
मी बाहेरून पायाने दार दाबून धरलं,
आणि दोन्ही हात मोकळे होते म्हणून
फोनवर मथळा लिहून टाकला:
एक घोट, एक उद्या.
आतून आवाज, ‘ताई, हायेस का?’
‘आहे.’
‘जाऊ नको हां.’
‘नाही जात.’
हृदयाचं चिन्ह लावू की थेंबाचं, बघत होते.
थेंब लावला.

रविवारपर्यंत दोन लाख अकरा हजार लोकांनी पाहिलं.
तेवढे आपसूक येत नाहीत, पैसे भरून आणावे लागतात.
रबाळ्याच्या हार्डवेअरवाल्याकडे मी मोटरचा भाव विचारला,
उगाच, येताजाता.
आणलेल्या लोकांच्या पैशात तीन आल्या असत्या,
बसवायची मजुरी धरून.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगला मी म्हटलं, शौचालय?
कौस्तुभ सर चांगले आहेत, खरंच विचार करतात.
पेन टेबलावर आडवं ठेवून म्हणाले,
‘विषय लाखमोलाचा आहे गं.
पण त्यात दाखवणार काय?’
मला उत्तर सुचलं नाही. मथळे सुचतात.
एप्रिलमध्ये आठ टक्के पगार वाढला.

शाळेत परत गेले नाही.
यंत्र चालू आहे की नाही, विचारलेलं नाही.
रील मात्र चालू आहे. तिला शेवट नाही,
संपली की पुन्हा पहिल्यापासून लागते:
साहेबांचा हात, ग्लास, दीक्षा पिते,
पिऊन होतं, हसते,
हात, ग्लास, पिते.

पंधराव्या सेकंदाला, कापायचं राहून गेलंय,
फ्रेमच्या तळाशी नीट बघितलं तर दिसतं:
तिचे गुडघे एकमेकांवर घट्ट.